दुखत नाही म्हणून : डोळ्याच्या पडद्याच्या आजारांवरील लेखसंग्रहाची प्रस्तावना

धामणगाव रेल्वे हे मुंबई-नागपूर-हावडा या मुख्य मार्गावरचे स्टेशन आहे. इथून गाडीत बसले की आधी वर्धा लागते, आणि सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय तिथून जवळच आहे. दोन-तीन तासांत नागपूर येते. अमरावतीला एसटीने जाता येते. समृद्धी महामार्गही आता तालुक्यातून जातो. म्हणजे डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आमच्या गावापासून अर्ध्या दिवसाच्या आत गाठता येतो. तरीही पडदा सुटलेले रुग्ण तिथे पोचतात ते कित्येकदा महिना-दोन महिने उलटल्यावर. हा उशीर प्रवासात होत नाही. घरात होतो, चष्म्याच्या दुकानात होतो, मेडिकलच्या काउंटरवर होतो, आणि आम्हा फॅमिली डॉक्टरांच्या तपासणीच्या खोलीतही होतो. या संग्रहाची गरज मला वाटते ती नेमकी याच जागी.

उशीर का होतो, याचे उत्तर आजाराच्या स्वभावातच आहे. डोळ्यात कचरा गेला की माणूस तासाभरात दवाखान्यात येतो. डोळे आले की घरचे सगळेच येतात. पडदा सुटताना मात्र डोळा लाल होत नाही, पाणी गळत नाही, काही टोचत नाही. ‘डोयापुढं माशा उडून रायल्या’, ‘कोपऱ्यात वीज चमकल्यासारखी वाटते’, ‘एका बाजूनं दिसून नाही रायलं’, एवढेच सांगितले जाते, तेही दुसऱ्याच कशासाठी आल्यावर, जाता जाता. आणि पुढे लगेच : ‘दुखत त काहीच नाही जी.’ दुसरा डोळा चांगला असतो. तो दोघांचे काम करतो. पेपर वाचता येतो, बाजार करता येतो, गाडीही चालवता येते. मग कधीतरी तोंड धुताना चांगल्या डोळ्यावर हात येतो आणि समोरचा निम्मा आरसा नाहीसा झालेला कळतो. तोवर बराच काळ लोटलेला असतो.

पडदा म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगायला हवे. डोळ्याच्या मागच्या भिंतीवर आतून पसरलेला, अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असा हा जिवंत थर. पुस्तकी भाषेत दृष्टिपटल. अंधुक उजेडात पाहणाऱ्या सुमारे बारा कोटी आणि रंग व बारकावे टिपणाऱ्या साठ लाखांच्या आसपास पेशी या थरात आहेत. त्याच्या मधोमध एक छोटासा भाग आहे, मॅक्युला. अक्षर वाचणे, सुईत दोरा ओवणे, माणसाचा चेहरा ओळखणे ही सगळी कामे त्या इवल्याशा जागेची. पडद्याच्या आतल्या बाजूला डोळाभर पारदर्शक जेली असते. पडद्याच्या बाहेरच्या थराला रक्ताचा पुरवठा मिळतो तो त्याच्या मागच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून. ओल लागून भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा या अस्तरापासून सुटला, की त्याच्या पेशींची उपासमार सुरू होते. सुटण्याचे काम सहसा कडेने सुरू होते आणि मध्याकडे सरकते. मॅक्युला अजून चिकटलेला असताना शस्त्रक्रिया झाली तर बहुधा पूर्वीसारखे दिसू लागते. मॅक्युला सुटल्यावर पडदा पुन्हा बसवता येतो, पण वाचण्याची नजर किती परत येईल हे तो किती दिवस सुटलेला होता यावर अवलंबून राहते. आठवड्याच्या पुढे प्रत्येक दिवस महाग पडतो.

सुटण्याचे तीन प्रकार आहेत. पहिला आणि सर्वांत जास्त आढळणारा प्रकार फाटीमुळे होतो. वय वाढते तशी डोळ्यातली जेली पातळ होत जाते आणि साधारण साठीच्या आसपास पडद्यापासून अलग होते. बहुतेकांच्या बाबतीत हे निमूट घडते. काहींच्या डोळ्यात मात्र ती जिथे घट्ट चिकटलेली असते तिथे पडद्याला ओढते आणि फाडते. ओढ लागली की प्रकाश चमकल्याचा भास होतो. फाटताना रक्ताचे थेंब सांडले की काळ्या माशांचा थवा दिसतो. त्या फाटीतून पातळ द्रव मागे शिरतो आणि पडदा उचलला जातो. अचानक माशा दिसू लागलेल्या दर दहा जणांत साधारण एकाच्या पडद्याला फाट सापडते. बाकीचे नऊ जण आठवड्या-महिन्यांत त्या माशांना सरावतात. हा एक आणि ते नऊ यांच्यातला फरक घरी बसून कोणालाच कळत नाही, मलाही नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडद्याची कड तपासली तरच कळतो.

आणि त्या एकासाठी सगळा डाव इथेच असतो. पडदा नुसता फाटलेला असतो आणि अजून सुटलेला नसतो, हा मधला काळ कधी काही तासांचा असतो, कधी काही दिवसांचा. या काळात रुग्ण पोचला तर फाटीभोवती लेझरने डाग देऊन ती बंदिस्त करता येते. ओपीडीत, बसल्या बसल्या, काही मिनिटांत. भूल नाही, टाका नाही, संध्याकाळी घरी. तोच रुग्ण पंधरा दिवसांनी आला की मोठी शस्त्रक्रिया, आठवडाभर पालथे झोपणे, हजारोंचा खर्च, आणि तरीही अर्धवट नजर.

दुसऱ्या प्रकारात फाट नसते. पडद्यावर चिवट पापुद्रे वाढतात, आकसतात आणि त्याला ओढून सोडवतात. जुना मधुमेह हे त्याचे मुख्य कारण. तिसऱ्यात पडद्यामागे नुसते पाणी साचते. गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, डोळ्याच्या आतल्या अस्तराची सूज, लहान मुलांतला डोळ्याचा कर्करोग अशी त्याची कारणे. बाळाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसली तर एक दिवसही थांबू नये. तो कर्करोग असू शकतो, आणि तिथे नजरेबरोबर जीवही पणाला लागलेला असतो.

फाटीमुळे पडदा सुटण्याचे प्रमाण जगभरच्या अभ्यासांत दर दहा हजार माणसांमागे वर्षाला एक असे ढोबळमानाने धरले जाते. अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत २८ लाखांच्या पुढे होती. तेच प्रमाण इथे लावले तर एकट्या जिल्ह्यात वर्षाला पावणेतीनशे-तीनशे माणसे होतात. आजार दुर्मीळ म्हणून फॅमिली डॉक्टरने तो मनात आणायचाच नाही, इतका तो दुर्मीळ नाही.

कोणाला जास्त होतो? ज्यांचा मायनस नंबर तीनच्या पुढे आहे त्यांना धोका सुमारे दहापट. लांबट डोळ्यात पडदा ताणला जाऊन कडेला विरतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांत पुढच्या काही वर्षांत शंभरात एकाहूनही कमी जणांचा पडदा सुटतो. टक्केवारी लहान आहे, पण १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाल्यापासून देशात मोतीबिंदूच्या इतक्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि दरवर्षी लाखोंनी होत आहेत, की त्या लहान टक्क्याचाही आकडा मोठा होतो. शिबिरातून परत येणाऱ्या आजोबांच्या हातातल्या कागदावर थेंब कधी घालायचे ते लिहिलेले असते. ‘पुढे कधीही अचानक माशा, चमक किंवा पडदा पडल्यासारखे वाटले तर त्याच दिवशी दाखवा’ ही ओळही त्यावर असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. एका डोळ्याचा पडदा सुटला असेल तर दुसऱ्यालाही धोका असतो, सुमारे दहात एकाला. ब्रिटनचे माजी पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी सोळाव्या वर्षी रग्बी खेळताना लागलेल्या मारात डाव्या डोळ्याची नजर गमावली. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, आठवडेच्या आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहावे लागले, तरी तो डोळा गेला. पुढे उजव्या डोळ्यातही तीच लक्षणे दिसली. या वेळी ती ओळखली गेली आणि तो डोळा वाचला.

मार लागणे हे कारण वऱ्हाडात वेगळे मांडायला हवे, कारण आमच्याकडे ते शेतातून येते. वेचणी संपल्यावर कपाशीच्या पराट्या उपटताना फांदीचा फटका डोळ्यावर बसतो. बैलाला पाणी दाखवताना त्याचे शिंग लागते. नांगराच्या किंवा ट्रॅक्टरच्या दुरुस्तीत लोखंडावर घण मारताना बारीक कपची उडून थेट डोळ्याच्या आत शिरते आणि बाहेरून जखमही धड दिसत नाही. मुलांच्या बाबतीत विटी, गलोल, चेंडू, दिवाळीतला फटाका. बोथट मार बसला की डोळा दोन दिवस सुजतो, मग उतरतो, नजरही बरी वाटते आणि घरचे विसरतात. पडदा त्या दिवशी फाटलेला असू शकतो आणि सुटतो तो काही महिन्यांनी. म्हणून मार लागलेल्या प्रत्येक डोळ्याची, सूज उतरल्यावर, थेंब घालून मागची तपासणी झालीच पाहिजे.

आता या विद्येच्या वाटचालीकडे वळतो. सुश्रुताने डोळ्याचे ७६ रोग सांगितले, पण जिवंत माणसाचा पडदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगात कोणी नीट पाहिला नव्हता. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप प्रसिद्ध केला आणि बाहुलीतून आत डोकावता येऊ लागले. सुटलेला पडदा दिसू लागला, फाटही दिसू लागली, पण कारण कोणते आणि परिणाम कोणता यावर पुढची सत्तर वर्षे वाद चालला. फाट ही सुटण्यामुळे पडते, असे बहुतेकांना वाटे. उपचार म्हणजे दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून रुग्णाला आठवडेच्या आठवडे निश्चल झोपवणे. बरा होई तो हजारात एखादा.

हे चित्र पालटले ते स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरातल्या झ्यूल गोनँ या डॉक्टरने. जन्म १८७०, मृत्यू १९३५. फाट हेच कारण आहे, ती शोधून बुजवली नाही तर बाकी सगळे व्यर्थ आहे, एवढाच त्याचा सिद्धांत. तो तासन् तास पडद्याचे चित्र काढी, फाट डोळ्याच्या कोणत्या अंशावर आणि कडेपासून किती अंतरावर आहे याचे गणित मांडी आणि बाहेरून नेमक्या त्या जागी तापवलेली सुई टोचून फाट डागून टाकी. त्याच्या म्हणण्याला मान्यता मिळायला १९२९ ची ॲम्स्टरडॅमची आंतरराष्ट्रीय परिषद उजाडावी लागली. त्यानंतर थोड्याच वर्षांत निम्म्याच्या आसपास डोळे वाचू लागले. हजारात एकापासून दोघांत एकापर्यंत. वैद्यकाच्या इतिहासात एकट्या माणसाच्या हट्टाने झालेली अशी झेप क्वचितच सापडेल. आज यंत्रे बदलली, पण ‘सगळ्या फाटी शोधा, सगळ्या बुजवा’ हा गोनँचा नियम जसाच्या तसा उभा आहे. संग्रहातला इतिहासाचा भाग मी दोनदा वाचला तो त्याच्यासाठी.

फाटी शोधायच्या तर पडद्याची कड दिसायला हवी. ती सोय केली चार्ल्स शेपन्स यांनी. हे मूळचे बेल्जियमचे. दुसऱ्या महायुद्धात गेस्टापोपासून निसटून, नाव बदलून, ते फ्रान्स-स्पेन सीमेवरच्या डोंगरात लाकडाची वखार चालवत राहिले आणि तिच्या आडून शंभराहून अधिक माणसांना सीमेपार पोचवले. युद्धानंतर त्यांनी डोक्याला बांधायचा, दोन्ही डोळ्यांनी पाहता येणारा इंडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप घडवला. आज पडद्याच्या डॉक्टरच्या कपाळावर दिव्याचे जे यंत्र दिसते त्याचे मूळ हेच. १९४९ मध्ये जर्मनीत कुस्टोडिस यांनी डोळ्याच्या बाहेरून, फाटीच्या जागी, एक गादी शिवून भिंत आत दाबली. १९५१ मध्ये शेपन्स यांनी बॉस्टनमध्ये डोळ्याभोवती पट्टाच बसवला. ही बकलची शस्त्रक्रिया. याच शेपन्स यांच्या हाताखाली शिकून डॉ. एस. एस. बद्रीनाथ भारतात परतले आणि १९७८ मध्ये त्यांनी चेन्नईत शंकर नेत्रालय उभे केले. देशभर पसरलेल्या पडद्याच्या शल्यचिकित्सकांच्या कित्येक पिढ्या तिथे घडल्या. लोझानची विद्या आपल्यापर्यंत आली ती या वाटेने.

दुसरी परंपरा आतून जाणारी. १९७० मध्ये मायामीत रॉबर्ट मॅकेमर यांनी डोळ्याच्या पांढऱ्या भागातून बारीक नळी आत घालून जेली कापून बाहेर काढली. त्याआधी त्यांनी घराच्या गॅरेजमध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकावर हात बसवला होता. जेलीला हात लावला की डोळा गेलाच, ही शल्यचिकित्सेतली पक्की समजूत त्यांनी मोडली. या शस्त्रक्रियेला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. आता तिची उपकरणे इतकी बारीक झाली आहेत की बहुधा टाकाही लागत नाही. जेली काढल्यावर पडदा दाबून धरायला डोळ्यात वायू किंवा सिलिकॉन तेल भरतात. वायू प्रकारानुसार दोन ते आठ आठवड्यांत आपोआप विरतो. तो डोळ्यात असेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य, कारण उंचीवर वायू फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. तेल मात्र आपोआप जात नाही, काही महिन्यांनी दुसरी शस्त्रक्रिया करून काढावे लागते. दिसू लागले, पेरणी आली, लेकीचे लग्न निघाले, आणि रुग्ण तेल काढायला गेलाच नाही, असे आमच्याकडे वारंवार होते. मग डोळ्याचा दाब वाढतो, बुबुळ पांढरे पडते आणि वाचवलेला डोळा पुन्हा हातचा जातो. शस्त्रक्रियेनंतर पालथे झोपायला सांगतात तेही याच वायूसाठी. तो वर चढतो आणि फाटीला दाबून धरतो. हे कारण रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना समजावून सांगितले तर तो नेटाने झोपतो. नुसता हुकूम दिला तर दुसऱ्या रात्री कुशीवर वळतो.

तिसरी पद्धत सर्वांत साधी. वरच्या भागातली लहान फाट असेल तर सुईने वायूचा बुडबुडा सोडायचा, मान योग्य कोनात ठेवायची आणि फाट लेझरने किंवा अतिथंड सळईने बंद करायची. १९८६ पासून ती रूढ झाली. २०१९ मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेल्या तुलनेत योग्य निवडलेल्या रुग्णांची नजर या पद्धतीने व्हिट्रेक्टॉमीपेक्षा सरस ठरली.

या तीन पंथांत आजही वाद आहे, आणि संग्रहातल्या लेखकांचेही एकमत नाही. ते तसेच ठेवले हे संपादकांनी चांगले केले. माझे मत विचाराल तर बकलची विद्या मागे पडते आहे याची मला काळजी वाटते. नवे डॉक्टर व्हिट्रेक्टॉमीत तरबेज होतात, बकल क्वचित शिकतात. पण २००७ मध्ये युरोपात झालेल्या मोठ्या तुलनेत, ज्यांचे नैसर्गिक भिंग शाबूत आहे अशांची नजर बकलने अधिक सुधारल्याचे दिसले होते. आमच्याकडचा मार लागलेला विशीतला पोरगा किंवा जास्त मायनस नंबरची कॉलेजातली मुलगी नेमकी याच गटात बसते. बकलमध्ये त्यांच्या डोळ्यात वायू नाही, तेल नाही, लगेच मोतीबिंदू होण्याची भीती नाही.

पद्धत कोणतीही असो, आज पहिल्याच शस्त्रक्रियेत दहांपैकी साडेआठ-नऊ पडदे बसतात. जे बसत नाहीत त्यांतल्या बहुतेकांवर चिवट पापुद्रे वाढलेले असतात, आणि उशीर जितका जास्त तितकी त्यांची शक्यता जास्त. म्हणजे अपयशाचा मोठा वाटा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, रुग्ण येण्याआधीच, ठरून गेलेला असतो.

पडद्याच्या शेजारच्या आजारांत या संग्रहाने सर्वांत जास्त जागा मधुमेहाला दिली आहे आणि ती योग्यच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासाने भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या पुढे असल्याचे दाखवले. साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पडद्याच्या केशवाहिन्या पाझरतात, बुजतात, मग नव्या कच्च्या वाहिन्या फुटतात, त्या फुटून डोळ्यात रक्त सांडते आणि शेवटी पापुद्रे पडद्याला ओढतात. यातल्या जवळजवळ शेवटच्या पायरीपर्यंत रुग्णाला वाचताही येत असते. लेझरने गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून कमी होतो हे अमेरिकेतल्या अभ्यासाने १९७६ मध्येच सिद्ध केले. त्या लेझरची गोष्टही सांगण्याजोगी आहे. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणात पडदा भाजून घेतलेल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याला तपासताना जर्मनीतल्या मायर-श्विकेराथ यांना सुचले की प्रकाशाने पडद्यावर हवा तिथे डागही देता येईल. २००५ नंतर डोळ्यात द्यायची इंजेक्शने आली आणि पडद्याच्या सुजेचा उपचार बदलून गेला. ती महिन्या-महिन्याने, अनेकदा घ्यावी लागतात. एक घेऊन थांबणाऱ्यांना नवल वाटते की गुण का आला नाही. मुंबईत डॉ. एस. नटराजन यांच्या आदित्य ज्योत नेत्र रुग्णालयाने धारावीच्या वस्तीत जाऊन मधुमेहींचे पडदे तपासले. धामणगावच्या आठवडी बाजारात साखर तपासायचे शिबिर होते. तिथेच पडद्याचा फोटो का काढला जाऊ नये? यंत्र आज बॅगेत मावते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा विषय मेळघाट असलेल्या जिल्ह्यात कोणीही टाळू नये. नवजात अतिदक्षता कक्षांमुळे आज किलो-सव्वा किलोची बाळे जगतात, आणि त्यांचा पडदा अजून पुरता वाढलेला नसतो. आपल्याकडचा नियम असा आहे की दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचा पडदा तिसाव्या दिवसाच्या आत तपासायचा, फारच लहान बाळाचा त्याही आधी. अमरावतीच्या डफरीन रुग्णालयातून सुट्टी घेऊन बाळ मेळघाटातल्या धारणीला गेले की महिन्याभराने त्याला पुन्हा अमरावतीला आणणे सोपे नसते. उपचाराची काही आठवड्यांची ही खिडकी एकदा बंद झाली की दोन्ही पडदे सुटू शकतात आणि मूल जन्मभर आंधळे राहू शकते. आशाताईंच्या वहीत लसीच्या तारखेशेजारी पडद्याच्या तपासणीची तारीख लिहिली गेली तर यातली बरीच मुले वाचतील.

विदर्भाचा म्हणून आणखी एक आजार आहे, सिकलसेल. त्यात पडद्याच्या दूरच्या कडेच्या रक्तवाहिन्या बुजतात आणि क्वचित पडदा सुटण्यापर्यंत वेळ येते. अशा रुग्णाला डोळ्याभोवती आवळून पट्टा बसवला तर डोळ्याच्या पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटू शकतो. म्हणून आमच्या भागातल्या माणसाने सिकलसेलचे कार्ड शल्यचिकित्सकाला आधी दाखवावे. ईल्सचा आजारही आपल्याकडे जास्त. १८८० मध्ये बर्मिंगहॅमच्या हेन्री ईल्स यांनी तो सांगितला, आज तो दिसतो मुख्यतः भारतीय उपखंडातल्या तरुण पुरुषांत. धडधाकट पोराच्या डोळ्यात अचानक रक्त भरते. क्षयाशी त्याचा संबंध असल्याचा दाट संशय आहे.

म्हातारपणी मॅक्युला झिजणे आणि पडद्याची रक्तवाहिनी तुंबणे यांवरचे लेख वाचकाने मुळातून वाचावेत. दाराची चौकट वाकडी दिसू लागली तर तो नंबर वाढल्याचा प्रकार नव्हे, एवढे इथे सांगून ठेवतो. रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या आनुवंशिक आजारावर बहुतेकांसाठी अजून उपचार नाही. नात्यातल्या लग्नांत तो अधिक आढळतो. अशा कुटुंबांना खोट्या औषधांच्या मागे न धाडता शिक्षण, पांढरी काठी आणि बोलणारा मोबाइल यांच्या वाटेला लावणे हाच खरा उपचार. तान्हेपणीच दृष्टी गेलेले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) याच जिल्ह्यातल्या माधानचे. चौतिसाव्या वर्षी देह ठेवण्याआधी त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. दृष्टी गेली म्हणजे माणूस संपला, असे मानण्याचा अधिकार निदान अमरावतीकरांना नाही.

पडद्याविषयी मराठीत लिहिले गेले ते बहुतेक मोतीबिंदू आणि काचबिंदू यांच्या ओघात, पान-अर्धे पान. आपल्या भागातल्या डोळ्यांचा अभ्यास मात्र झालेला आहे. २००६ ते २००८ या काळात नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मनीतल्या संशोधकांबरोबर मध्य भारतातल्या खेड्यांत तिशीपुढच्या ४७११ माणसांची तपासणी केली, आणि त्यातून निघालेले निबंध जगभर वाचले जातात. ज्यांचे डोळे तपासले त्यांच्या भाषेत त्यातले थोडेच आले. हा संग्रह ती उणीव भरून काढण्याचा प्रयत्न करतो. तो शल्यचिकित्सकांसाठी नाही. फॅमिली डॉक्टर, परिचारिका, आशाताई, चष्मेवाले, शाळेतले शिक्षक आणि मधुमेह असलेल्या माणसाच्या घरातली शिकलेली सून किंवा मुलगा यांच्यासाठी आहे. आकृत्या भरपूर आहेत आणि रुग्ण जसे बोलतात तशी लक्षणे दिली आहेत. एक उणीव मला जाणवली : खर्चाची माहिती थोडी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत पडद्याच्या काही शस्त्रक्रिया बसतात. रुग्णालयात गेल्यावर पैशांची जुळवाजुळव करण्याआधी या योजनेच्या आरोग्यमित्राला गाठावे. पुढच्या आवृत्तीत यावर स्वतंत्र लेख यावा.

वाचकांना माझी विनंती आहे. महिन्यातून एकदा एक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर पाहा, मग दुसरा झाकून पाहा. घरातल्या म्हाताऱ्यांना पाहायला लावा. अचानक माशांचा थवा दिसला, अंधारात कडेला चमक दिसली, किंवा एका बाजूने सावली सरकत आली, तर थेंबांची बाटली विकत घेऊ नका, मोतीबिंदू पिकायची वाट पाहू नका, सोमवारपर्यंत थांबू नका. आणि माझ्या व्यवसायबंधूंना एवढेच सांगणे आहे : असा रुग्ण समोर आला तर चिठ्ठीवर ‘पडदा तपासावा, तातडीचे’ असे लिहा आणि त्याच दिवशीच्या गाडीने त्याला वर्ध्याला, नागपूरला किंवा अमरावतीला पाठवा.